दोन विहिणींची काथवट

एका घरात दोन आया असल्या की हाका मारण्याचा मोठा घोळ होतो. मुलगा स्वतःच्या आईला 'अगं आई' म्हणायचा आणि सासूला 'अहो आई'. सूनही स्वतःच्या आईला 'अगं आई' म्हणायची आणि सासूला 'अहो आई'. त्यामुळे आतल्या खोलीतून "अहो आई, जरा इकडे येता का?" अशी हाक आली की आधी आवाज कोणाचा ते ओळखायचं आणि मग कोणी उठायचं ते ठरवायचं. चुकीची आई उठून गेली तर "तुम्ही नाही हो, तुम्ही बसा" हे ऐकून तिला परत यावं लागे. गुडघ्यांनी संप पुकारलेल्या बाईला यापेक्षा मोठा अपमान नाही.

मुलाची आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. सगळी बिल्डिंग त्यांना टेलिफोनबाई म्हणे. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे त्यांचा कान असा तयार झाला होता, की जिन्यात पाऊल वाजलं तरी कोण आलंय आणि कोणत्या मूडमध्ये आलंय हे त्या सांगत. सुनेची आई मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डची मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी मेट्रनबाईंच्या चालण्यातली वॉर्डची फेरी काही गेली नव्हती. चादरीला सुरकुती दिसली की त्या जावयाला झोपेतून उठवून चादर ओढून घेत आणि मग त्याला परत झोपायची परवानगी देत.

दोघीही एकट्या पडलेल्या. एकमेकींना सोबत होईल म्हणून पोरांनी मोठं घर भाड्याने घेतलं आणि दोघींना शेजारशेजारच्या खोल्या दिल्या. सोबत झाली खरी, पण दोन पैलवानांना एका आखाड्याची होते तशी. भांडण म्हणून कधी झालं नाही. "विहीणबाई, तुम्ही म्हणाल तसं" असं दोघी म्हणत आणि दोघी आपल्याच मनासारखं करत.

टेलिफोनबाई येताना आपल्या सासूची काथवट घेऊन आल्या होत्या. अखंड लाकडात कोरलेलं, परातीएवढं पण परातीपेक्षा खोल, कणीक मळायचं हे भांडं सासू होती तोवर टेलिफोनबाईंच्या हाती कधी लागलं नाही. "तुझ्या हाताला लाकूड कळत नाही," हे सासूचं ठरलेलं वाक्य. सासू गेल्यावर काथवट हाती आली तेव्हा टेलिफोनबाईंची नोकरी फिरत्या पाळ्यांची, मळायला वेळ कुणाला? मग काथवटीत कांदे राहिले, कांद्यांनंतर जुने बूट राहिले आणि एकदा मुलाने खिडक्या रंगवताना तिच्यात निळा रंग कालवला. आता ती काळवंडली होती, एका बाजूला बोट जाईल अशी चीर गेली होती, आणि निळे ओघळ वाळून तिच्या अंगाला चिकटले होते.

सामान उघडलं तेव्हा मेट्रनबाईंनी ती पाहिली आणि दोन पावलं मागे सरल्या.

"हे काय आहे?"

"काथवट. कणीक मळायची."

"विहीणबाई, लाकडाच्या चिरेत काय काय राहतं ते मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलंय. तुम्ही पाहिलं असतं तर जेवला नसता. स्वयंपाकघरात हिचं काम नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," टेलिफोनबाई म्हणाल्या आणि काथवट गॅलरीत, मोडक्या खुर्चीखाली नेऊन ठेवली. तिथे ती तशीच राहिली असती. पण मधेच घरात मशीन आलं.

पाव करायचं मशीन. मुलगा विम्याच्या ऑफिसात होता आणि त्याला वस्तू आणायचा सोस होता. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट घालायचं, बटण दाबायचं, आणि मशीन आतल्या आत मळून, फुगवून, भाजून तयार पाव हातात देणार. जाहिरातीत तरी असंच होतं. पहिल्या पावाला सगळे गोल करून उभे राहिले. झाकण उघडलं तर आत एक चौकोनी, करडा ठोकळा. मुलाने सुरी चालवली, ती अडकली. जोर केला तर ठोकळा सुरीसकट वर आला.

"पहिलाच आहे," मुलगा म्हणाला. चेहरा अगदी एवढासा झाला होता.

"मी हातांनी मळून दाखवते एकदा," टेलिफोनबाई म्हणाल्या. "काथवटीत."

"त्यापेक्षा हा बरा," मेट्रनबाई म्हणाल्या. "याला निदान माणसाचा हात लागलेला नाही." आणि त्यांनी ठोकळ्याचा एक तुकडा तोडून औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळला.

हे मात्र टेलिफोनबाईंच्या मनाला लागलं. ठोकळ्यापेक्षाही आपण वाईट! दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. मेट्रनबाई रोज सकाळी जवळच्या धर्मादाय दवाखान्यात लोकांचा रक्तदाब मोजायला जात, पोरं ऑफिसला जात. एकदा जिन्यातली पावलं उतरून गेली की दुपारपर्यंत घर टेलिफोनबाईंचं.

आधी निळा रंग. खिडकीच्या काचा बसवणाऱ्याकडून त्यांनी काचेचा सरळ धारेचा तुकडा मागून आणला, एका बाजूला जाड फडकं गुंडाळलं आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली. निळ्या रंगाच्या चुऱ्याखालून काळा थर निघाला, काळ्याखालून तपकिरी, आणि मग एका सकाळी खरवडता खरवडता मधासारखं लाकूड दिसलं. टेलिफोनबाई खरवडायच्या थांबल्या. नखाने टकटक केलं. आवाज भरीव आला. "अगं, तू तर जिवंत आहेस की!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि मग शेजारच्या गॅलरीत कोणी नाही ना ते पाहिलं.

मग मीठ आणि लिंबाची फोड घेऊन आतून घासली, कोमट पाण्याने झटपट धुतली, उन्हात न ठेवता पलंगाखाली सावलीत वाळवली. पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. लाकडाचा बारीक भुसा मेणात कालवून तो गरम लगदा चिरेत दाबून बसवला. आणि मग रोज थोडं जवसाचं तेल कोमट करून फडक्याने चोळायचं, लाकूड पिईल तेवढं पाजायचं, उरलेलं पुसून घ्यायचं.

खोलीत वास राहणारच. मेट्रनबाईंचं नाक वॉर्डात घडलेलं.

"कसला वास येतोय विहीणबाई?"

"गुडघ्यांना तेल लावतेय."

"जवसाचं?"

"गुणकारी असतं म्हणे."

"म्हणे," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांनी जवस, गुडघे आणि विहीण या तिघांचा निकाल लावला.

पहिल्यांदा मळायला बसल्या तेव्हा टेलिफोनबाईंना धाकधूक होती. पण पीठ काथवटीत पडलं, पाणी पडलं, आणि तळव्याच्या टाचेने रेटा दिल्यावर गोळा लाकडाच्या उतारावरून असा सरकून परत आला की जणू काथवट समोरून मळायला मदत करत होती. स्टीलच्या भांड्यासारखी ती हातातून पळत नव्हती, गारही लागत नव्हती. ओल्या फडक्याखाली गोळा फुगला. ओव्हनमधून गोल, तांबूस, टिचकी मारली की पोकळ वाजणारा पाव निघाला.

आता तो खायला द्यायचा कसा? त्यांनी पावाच्या चकत्या केल्या, टोपलीत लावल्या, वर रुमाल टाकला, आणि संध्याकाळी मुलगा घरात शिरताच म्हणाल्या, "अरे, तुझं मशीन सुधारलं हो! सकाळी जरा पाणी जास्त घातलं आणि बटण दाबलं."

मुलाने चकती तोंडात घातली. डोळे मिटले. "बघ!" तो बायकोला म्हणाला, "मी म्हणत होतो ना, मशीनला सवय लागावी लागते."

मेट्रनबाईंनी चकती उजेडात धरून तपासली, हुंगली, खाल्ली. दुसरी घेतली. "हाताचा स्पर्श नाही ना," त्या समाधानाने म्हणाल्या, "म्हणून ही चव."

टेलिफोनबाईंना ठसका लागला. त्या तोंडाला रुमाल लावून गॅलरीत गेल्या आणि खुर्ची धरून पोट दुखेपर्यंत हसल्या.

मग ते रोजचंच झालं. मशीनची कीर्ती मुलाने ऑफिसभर पसरवली. तो सकाळी निघताना मशीनच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागला. मेट्रनबाई आठवड्यातून एकदा त्याला स्पिरिटने पुसून काढत. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अशात एका सकाळी पलंगाखालून काथवट काढली तर चिरेतलं मेण गायब. चीर परत आ वासून उभी.

टेलिफोनबाई बघत बसल्या. आपलंच काहीतरी चुकलं असणार. लाकूड कळत नाही म्हणतात ते हेच का? मनाला चुटपुट लागली. त्यांनी परत मेण वितळवलं, जास्त भुसा घालून गच्च भरलं. दोन पाव नीट झाले. तिसऱ्या वेळी मेण पुन्हा नाही! या वेळी मात्र त्यांनी काथवट कानाजवळ नव्हे, नाकाजवळ नेली. गरम ओल्या लाकडाचा वास होता. आणि काथवट कोमट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मोठ्याने म्हणाल्या, "विहीणबाई, मी जरा कोपऱ्यावरून दोरा घेऊन येते हो." दार ओढून घेतलं, आठ-दहा पायऱ्या पाय वाजवत उतरल्या आणि चपला हातात घेऊन अनवाणी परत वर आल्या. दाराला कान लावला.

आधी काहीच नाही. मग मेट्रनबाईंची फेरीची पावलं, टेलिफोनबाईंच्या खोलीपर्यंत. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज. पावलं स्वयंपाकघरात. किटली उकळायला लागली. उकळत्या पाण्याची धार लाकडावर पडल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ मेट्रनबाईंचा आवाज, वॉर्डात पेशंटला समजावतात तसा, "झालं, झालं. जरा भाजेल, पण जंतू मरतील."

टेलिफोनबाईंनी हसू दाबायला स्वतःचं मनगट चावलं. म्हणजे बाईसाहेबांना सगळं ठाऊक होतं! पाव हाताचा आहे हे माहीत असून त्या दोन-दोन चकत्या हाणत होत्या, आणि वर चोरून काथवट उकळत होत्या!

समोरासमोर बोलायचं त्यांनी टाळलं. त्यात मजा कसली? रात्री जेवताना त्या सहज म्हणाल्या, "मेणाला उकळतं पाणी अगदी चालत नाही म्हणतात. वितळून जातं बिचारं."

मेट्रनबाईंचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला. "कोणत्या मेणाला?"

"असंच. मेणबत्तीच्या."

"मेणबत्तीवर उकळतं पाणी कोण ओततं?" जावयाने विचारलं.

"असतात एकेक," टेलिफोनबाई म्हणाल्या आणि मेट्रनबाईंना आणखी एक चकती वाढली.

 मेट्रनबाई एका दुपारी हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या आणि खोलीचं दार लावून बसल्या. आतून बारीक करकर ऐकू येत होती. टेलिफोनबाईंनी पलंगाखाली पाहिलं, काथवट जागेवर नव्हती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी काथवट परत आली होती.

चीर शिवलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना सुईएवढी बारीक भोकं पाडून त्यांतून तांब्याची तार ओवली होती. टाक्यांतलं अंतर सारखं, टोकं आत मुडपलेली, वरून बोट फिरवलं तर कुठे टोचत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांसमोर जन्म काढलेला हात होता तो. तार ओढल्याने चीर आवळली गेली होती. वर पुन्हा मेणही भरलं होतं. टेलिफोनबाईंनी बराच वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. सासूने पाहिलं असतं तर तिनेही तोंडात बोट घातलं असतं.

"शिवण फार सुरेख झालीय," जेवताना त्या म्हणाल्या.

"कशाची?" मेट्रनबाईंनी ताटातून वर न पाहता विचारलं.

"उशीच्या अभ्र्याची."

"पेशंट हलला नाही की टाके चांगले बसतात," मेट्रनबाई म्हणाल्या.

सून आणि मुलगा एकमेकांकडे पाहू लागले. "यांना डॉक्टरकडे न्यायचं का?" असा प्रश्न त्या नजरेत होता.

अशीच गंमत आणखी बरीच चालली असती. पण मुलाने रविवारी दुपारी चहाला साहेबांना बोलावलं, सपत्नीक. चहाबरोबर मशीनचा पाव. नुसता पाव नाही. साहेबांसमोर मशीनचं झाकण उघडायचं आणि ताजा, वाफाळता पाव बाहेर काढून दाखवायचा. "त्यांना विश्वासच बसत नाहीये," मुलगा हात चोळत म्हणाला. "म्हणतात, घरी असा पाव होणं शक्य नाही."

रविवारी सकाळी तो मशीनमध्ये सगळं मोजून घालत असताना दोघी विहिणी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मशीन घुरघुरायला लागलं. मुलगा शीळ घालत आंघोळीला गेला.

"ठोकळा निघणार," टेलिफोनबाई पुटपुटल्या.

"साहेबांचे दात स्वतःचे आहेत का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बोलणं झालं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. दवाखान्यात वीज गेली म्हणून लवकर आले. तुम्ही कोपरापर्यंत पिठात होता आणि भांड्याशी गप्पा मारत होता. म्हटलं, कशाला मधे बोला."

"आणि तरी खात होता?"

"उकळत होते ना!" मेट्रनबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "चव चांगली होती."

बेत ठरायला वेळ लागला नाही. फुलं, फळं आणि साहेबांना लागणारा बिनसाखरेचा मुरंबा आणायला मुलाला आणि सुनेला बाजारात पिटाळलं. मुरंबा कुठेच मिळत नाही हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. काथवट टेबलावर आली. मेट्रनबाईंनी एक अट घातली, आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, ब्रशने. टेलिफोनबाईंनी ती मान्य केली आणि आपली अट घातली, मळायला त्यांनीही लागायचं.

"मी?"

"भीती वाटते?"

मेट्रनबाईंनी बाह्या वर केल्या. पहिला रेटा त्यांनी जरा संशयानेच दिला. मग दुसरा. मग तिसरा, कोणी न सांगता. काथवट टेबलावर हलकेच डुलत होती आणि गोळा मऊ होत चालला होता. "पेशंटचा पाय प्लास्टरमधून काढल्यावर असाच चोळायचा असतो," त्या म्हणाल्या. "हळूहळू जीव येतो." पुढे बराच वेळ त्यांनी गोळा टेलिफोनबाईंच्या हाती दिलाच नाही.

पाव ओव्हनमध्ये भाजून तयार झाला, पोरं मुरंब्याशिवाय परत आली, आणि पाठोपाठ साहेब आले. साहेब उंच, जाडजूड आणि प्रत्येक यंत्राबद्दल मत असलेले. साहेबीणबाई बारीक, गप्प, नजर मात्र सगळीकडे फिरणारी. मशीनने घंटी वाजवली. मुलगा उठायला लागला.

"थांब," मेट्रनबाई वॉर्डाच्या आवाजात म्हणाल्या. "साहेब, तुमचा चेहरा लाल दिसतोय. जिना चढून आलात ना? इकडे हात करा."

"नाही, मी अगदी..."

"हात." पट्टा बांधला गेलासुद्धा. "आता कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. तुम्हीही हलू नका, जावईबापू."

बैठकीच्या खोलीत सगळे पुतळ्यासारखे बसले. फक्त पंपाची फुसफुस. त्या शांततेत टेलिफोनबाई चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेल्या. झाकण उघडलं. आत ठोकळा, अपेक्षेप्रमाणे. तो टॉवेलने उपटून त्यांनी घाईघाईत जवळच लटकणाऱ्या मेट्रनबाईंच्या पिशवीत टाकला. ओव्हनमधला पाव मशीनच्या डब्यात दाबून बसवला. बसला. झाकण लागलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

पाव गोल होता. डबा चौकोनी होता. रोज चकत्याच केल्यामुळे आजवर हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आता उशीर झाला होता. बाहेर मेट्रनबाई जाहीर करत होत्या, "उत्तम आहे! विशीतल्या मुलासारखा!" आणि साहेब खूश होऊन आत येत होते.

मुलाने जादूगारासारखा हात फिरवून झाकण उघडलं. वाफ आली, वास आला. त्याने पाव बाहेर काढून ताटलीत ठेवला. गोल, तांबूस, डेरेदार. सगळे पाहत राहिले. सगळ्यात जास्त मुलगा पाहत राहिला.

"अहो," साहेबीणबाई हळूच म्हणाल्या, "चौकोनी डब्यात गोल पाव?"

 सुनेने आधी सासूकडे पाहिलं, मग आईकडे. दोघी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"आतून फिरतं ना ते," मेट्रनबाई कॅलेंडरला म्हणाल्या.

"अर्थात!" साहेबांनी चुटकी वाजवली. "फिरणारी वस्तू गोलच होणार! साधं विज्ञान आहे." आणि त्यांनी वर पाच मिनिटं ते विज्ञान समजावून सांगितलं. मुलाला मान डोलवावी लागली. सून 'चहा बघते' म्हणून आत पळाली. तिथे तिला टेबलाखाली काथवट दिसली, दोन पिठाळलेले एप्रन दिसले, आणि तिने चहाच्या डब्यात तोंड खुपसून हसून घेतलं. साहेबांनी चार चकत्या खाल्ल्या, मशीनच्या पाठीमागचा मॉडेल नंबर टिपून घेतला, आणि पाहुणे गेले.

दार लागताच मुलगा कमरेवर हात ठेवून वळला. "अगं आई! अहो आई!"

या वेळी घोळ नव्हता. दोघी उठल्या.

सगळं ऐकून झाल्यावर तो खुर्चीत बसला. "म्हणजे इतक्या दिवसांत माझ्या मशीनने एकदाही...?"

"आज केला की," टेलिफोनबाई म्हणाल्या आणि त्यांनी विहिणीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. मेट्रनबाईंनी पिशवीत हात घातला, हबकल्या आणि ठोकळा बाहेर काढला. थर्मामीटरची डबी त्याखाली चेपली होती. त्यांनी विहिणीकडे असं पाहिलं, की वॉर्डबॉय असता तर राजीनामा देऊन गेला असता.

"साहेब आता तेच मशीन घेणार," मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि मग मला केबिनमध्ये बोलावणार."

तसंच झालं. साहेबांनी मशीन घेतलं आणि पुढचा सोमवार मुलगा केबिनमध्येच होता. ठोकळा निघतो आणि तोही चौकोनी! फिरत कसं नाही? मुलगा घामाघूम होऊन पाण्याचं माप, पिठाची जात, विजेचा दाब असं जे सुचेल ते सांगत राहिला. घरी आला की जेवताना मान वर करेना. टेलिफोनबाईंना वाईट वाटलं. गंमत ती गंमत, पण पोराच्या नोकरीवर यायला नको. साहेबांकडे जाऊन सरळ कबूल करावं असं त्यांनी ठरवलं, आणि मेट्रनबाईही इस्त्रीची साडी नेसून निघायला तयार झाल्या.

त्या दाराबाहेर पडणार तोच बेल वाजली. दारात साहेबीणबाई. एकट्याच.

"मला आत येऊ द्याल का?" त्या म्हणाल्या. "आणि तो पाव शिकवाल का? खरा कसा करता तो."

दोघींची नजर कॅलेंडर शोधू लागली.

"अहो, यांच्या कोपराला पीठ लागलं होतं," साहेबीणबाई मेट्रनबाईंकडे बोट दाखवत म्हणाल्या. "रक्तदाब मोजताना माझ्या नाकासमोरच होतं. आणि ओव्हन गरम होता, मी हात लावून पाहिला."

"मग साहेबांना मशीन का घेऊ दिलंत?" टेलिफोनबाईंनी विचारलं.

साहेबीणबाई पहिल्यांदा हसल्या. हसल्यावर त्या एकदम वेगळ्याच दिसल्या. "लग्न झाल्यापासून हा माणूस स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा आला नव्हता. आता रोज संध्याकाळी एप्रन बांधून त्या डब्यासमोर उभा असतो. पीठ मोजतो, सांडतं ते पुसतो, भांडी धुतो. मी खुर्ची टाकून बघत बसते. मी कशाला सांगू?"

यावर मेट्रनबाईंनी एकच गोष्ट केली. साहेबीणबाईंना बेसिनपाशी नेलं आणि ब्रश हातात दिला. "कोपरापर्यंत," त्या म्हणाल्या.

मुलगा संध्याकाळी ऑफिसातून दमून आला. दार उघडून पाहतो तर स्वयंपाकघरात काथवटीभोवती तिघी बसलेल्या, साहेबांच्या बायकोच्या नाकाला पीठ लागलेलं, आणि त्याची आई तिला सांगत होती, "दाबू नका, ढकला. लाकूड परत पाठवतं." तो उंबऱ्यातच थबकला. हातातली पिशवी खाली गळाली.

"घरी सांगू नका हं," साहेबीणबाई त्याला म्हणाल्या. "आणि ऑफिसातही नाही. तुम्ही आपले सांगत राहा, पाणी वाढवा, पाणी कमी करा. त्यांचं छान चाललंय."

"पण ते रोज विचारतात हो मला!"

"मग रोज काहीतरी नवीन सांगत जा," टेलिफोनबाई म्हणाल्या. "नाहीतर असं कर, बाह्या वर घे आणि शिक इथे. म्हणजे सांगायला निदान काहीतरी असेल."

मुलाने मशीनकडे पाहिलं, मग काथवटीकडे, मग मान हलवून टाय सैल केला. खुर्ची ओढून तो बसणार तोच तिघी एकदम ओरडल्या, "आधी हात!"